उन्हाळ्यात फिश टँक थंड ठेवणं

मार्च संपता संपता पारा चढायला लागला की पाऊस येईपर्यंत घरातल्या टँकचं पाणी माशांना सोसवेल इतपत गार ठेवायला जे काही उपाय करतात ते सगळे यात येतात, अगदी झाकण काढून ठेवण्यापासून चिलर म्हणजे पाणी गार करायचं मशीन बसवण्यापर्यंत. शोभेचे बहुतेक मासे गरम देशातलेच, पण गप्पी, टेट्रा, एंजल यांना साधारण 24 ते 28 अंश पाणी मानवतं, गोल्डफिशला तर त्याहून गार, 18 ते 24. डिस्कस मासा पाळणारे तेवढे निवांत, कारण त्याला 28 ते 30 लागतंच. आता नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे मे महिन्यात बाहेर 44-45 असतं, दुपारी बंद घरात 36-37, आणि वर झाकण, झाकणात लाइट अशा टँकचं पाणी 33-34 ला जाऊन बसतं.

मासे नुसत्या उष्णतेने कमी आणि श्वास न मिळाल्याने जास्त मरतात. 25 अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण 8.3 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, 32 ला 7.3. आकडा बघून वाटतं एवढ्याने काय होतंय, पण तेच पाणी तापल्यावर माशाचं शरीर जोरात चालायला लागतं आणि त्याला ऑक्सिजन जास्त लागतो, फिल्टरमधल्या घाण पचवणाऱ्या बॅक्टेरियालाही जास्त लागतो, म्हणजे मिळकत घटली आणि खर्च वाढला. त्यात माशांच्या घाणीतून येणारा अमोनियाही जास्त विषारी होतो, पीएच (पाणी आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा) 8 असेल तर 25 अंशाला त्यातला 5 टक्क्यांच्या आसपास भाग विषारी रूपात असतो, 30 ला साडेसात. म्हणून उन्हाळ्यात खाणं निम्म्यावर आणायचं, उरलेलं खाणं सडलं की पुढचं सगळं बिघडतं. मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले किंवा फिल्टरच्या धारेपाशी गोळा झाले की समजायचं ऑक्सिजन कमी पडलाय. फायटर आणि गौरामी हे मासे हवेतूनही श्वास घेतात, त्यामुळे ते वर येऊन एक घोट घेऊन गेले तर घाबरायचं कारण नाही.

सगळ्यात पहिला उपाय लोकांना सुचतो तो बर्फ, आणि तोच सगळ्यात कमी कामाचा. 100 लिटरच्या टँकमध्ये 1 किलो बर्फ विरघळला तर पाणी साधारण 1 अंशाने उतरतं आणि तासा-दोन तासात परत चढतं. नळाच्या पाण्याचा बर्फ थेट टाकला तर क्लोरीन आत जातं ते वेगळंच, टाकायचाच असेल तर बाटलीत पाणी गोठवून ती बाटली तरंगत ठेवायची, तीसुद्धा तापमान एका झटक्यात तीन-चार अंश पडणार नाही अशा बेताने. याउलट 1 लिटर पाणी वाफ होऊन उडतं तेव्हा ते 5 किलोपेक्षा जास्त बर्फाइतकी उष्णता घेऊन जातं! माठातलं पाणी गार होतं ते असंच. म्हणून झाकण काढायचं, पाण्यावर तिरका फॅन लावायचा, कॉम्प्युटरचा जुना 12 व्होल्टचा फॅनही चालतो, टेबल फॅन असेल तर उत्तमच. फॅन आणि वायर पाण्यात पडणार नाही एवढं घट्ट बांधायचं. झाकणाच्या जागी मच्छरदानीची जाळी ताणून बसवायची, नाहीतर सकाळी फायटर किंवा बाला शार्क फरशीवर सापडतो.

पण हा फॅन सगळीकडे सारखा चालत नाही आणि त्यावरूनच नागपूरवाल्याचं नि मुंबईवाल्याचं जमत नाही, एक म्हणतो चार अंश उतरलं, दुसरा म्हणतो दोनसुद्धा नाही, दोघंही खरंच सांगत असतात. फॅनने पाणी जास्तीत जास्त कुठवर उतरू शकतं हे वेट बल्ब तापमानावर ठरतं, म्हणजे थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला की जो आकडा दिसतो तो. नागपुरात 44 अंश आणि हवेत 20 टक्के दमटपणा असेल तर हा आकडा 25 च्या जवळपास येतो, मुंबईत 33 अंश आणि 68 टक्के दमटपणा असेल तर 28. हो, उलटंच आहे, जिथे ऊन जास्त तिथे फॅनला वाव जास्त. प्रत्यक्षात पाणी त्या आकड्यापर्यंत पोचत नाही, पण कोकण, मुंबई, गोव्याकडे फॅनच्या भरवशावर गोल्डफिश किंवा कोळंबी ठेवणं अवघडच. विदर्भात खोलीत कूलर असतोच, तो चालू असेल आणि खिडकी थोडी उघडी असेल तर टँकला वेगळं काही करावं लागत नाही. खिडक्या सगळ्या बंद करून कूलर लावला की हवा दमट होते आणि कूलर, फॅन दोन्ही ढेपाळतात. झाकण उघडं असल्यावर त्या खोलीत डासांचा स्प्रे मात्र मारायचा नाही, त्यातलं औषध माशांना मारायला फार थोडंही पुरतं आणि एअर पंप खोलीतलीच हवा ओढतो.

उडालेलं पाणी रोज भरावं लागतं. पाणी उडतं पण त्यातले क्षार मागेच राहतात, त्यामुळे बोअरच्या जड पाण्याने भरत राहिलं तर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, वाढतच जातो, भरायला आरओचं पाणी बरं. आणि दुपारी नळ सोडून पाणी बदलू नये, गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी तेव्हा हात भाजेल असं असतं, रात्री बादली भरून ठेवायची आणि पहाटे वापरायची.

लाइट सहा तासांवर आणायचे, हीटर प्लगमधून काढून ठेवायचा, नुसता स्विच बंद करून नाही. एअर पंप पाणी गार करतो असं दुकानदार सांगतात, तेवढं काही होत नाही पण पाण्याचा वरचा थर हलता राहतो आणि ऑक्सिजन आत येतो, तेवढ्यासाठी तो हवाच. खरा धोका रात्री लाइट गेल्यावर, कारण अंधारात टँकमधली झाडंसुद्धा ऑक्सिजन खातात आणि पहाटे तो सगळ्यात कमी असतो. बॅटरीवरचा छोटा एअर पंप घरात असू द्यावा, इन्व्हर्टर असेल तर एअर पंप त्याच्यावरच, दोन-चार वॉटचा तर असतो.

चिलर म्हणजे छोटा फ्रिजच, कॉम्प्रेसरवाला असेल तर पाहिजे तेवढं तापमान धरून ठेवतो, पण टँकमधली उष्णता काढून त्याच खोलीत सोडतो, म्हणून कॅबिनेटमध्ये कोंडला तर स्वतःच गुदमरतो. प्रवाळ किंवा 16 ते 18 अंशात राहणारा अॅक्सोलॉटल (पाण्यात राहणारा, बेडकाच्या जातकुळीतला प्राणी) पाळायचा असेल तर आपल्याकडे चिलरला पर्याय नाही, गप्पीसाठी घेणं म्हणजे हौस.

विदर्भात सगळ्यात वाईट दिवस मे चे नसतात, जूनमध्ये पाऊस पडायच्या आधीचे असतात, पारा 40 च्या आसपास, ढग भरलेले आणि हवा दमट. कूलर नुसता ओला वारा फेकतो आणि फॅनचंही तेच होतं, तेव्हा मात्र एसीची खोली, बाटलीतला बर्फ आणि एअर पंप रात्रंदिवस एवढंच हातात राहतं.