कम्युनिकेटर आणि ट्रायकॉर्डर: एक आवडता, एक नावडता

'स्टार ट्रेक' या अमेरिकन विज्ञानकथा मालिकेची मूळ, १९६६ ची आवृत्ती पहिल्यांदाच बघणाऱ्यांची एक गल्लत हमखास होते. अंतराळजहाजाचा कॅप्टन कर्क ग्रहावर उतरतो, कमरेची एक काळी वस्तू काढतो, झाकण उघडतो आणि बोलायला लागतो. थोड्या वेळाने त्याचा सहकारी स्पॉकही एका काळ्या वस्तूचं झाकण उघडतो, पण बोलत काहीच नाही, नुसता आत बघत राहतो. कर्कच्या हातात असतो तो कम्युनिकेटर आणि स्पॉककडे असतो तो ट्रायकॉर्डर. दोन्ही काळे, दोन्ही झाकणाचे, दोन्हींवर चंदेरी पट्ट्या आणि बारीक दिवे. नावं लक्षात राहतात, पण कुठलं नाव कुणाचं ते विसरायला होतं.

या घोळाला पुढच्या मालिकेनेही हातभार लावला. १९८७ साली 'द नेक्स्ट जनरेशन' सुरू झाली तेव्हा कम्युनिकेटर छातीवरच्या बिल्ल्यात गेला आणि ट्रायकॉर्डर लहान होऊन मुठीत आला. तो नवा ट्रायकॉर्डरही घडी उघडून वापरायचा. त्यामुळे ज्यांनी ही मालिका आधी बघितली, त्यांच्या डोक्यात हातात धरून उघडायची वस्तू म्हणजे ट्रायकॉर्डर असं पक्कं बसतं, आणि १९६६ च्या मालिकेकडे वळलं की सगळं उलटंपालटं होतं. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर मूळ मालिका बघितलेल्यांना हा त्रास कमी होतो, कारण त्यांची ओळख थेट जुन्या वस्तूंशीच झालेली असते.

ओळखायची सोपी खूण म्हणजे पट्टा. ट्रायकॉर्डर खांद्याला अडकवलेला असतो, आपल्याकडे पूर्वी मॅच ऐकायला ट्रान्झिस्टर घेऊन फिरायचे अगदी तसा. कम्युनिकेटर तळहातात मावतो आणि त्याला पट्टा नसतो. कामाचं म्हणाल तर कम्युनिकेटर आवाज पोचवतो, बाकी काही नाही. ट्रायकॉर्डर आजूबाजूचं मोजतो, त्यावर हिशेब करतो आणि ते साठवूनही ठेवतो.

दोन्ही वस्तू घडवल्या त्या वा मिंग चँग या एकाच माणसाने. १९१७ साली होनोलुलूत जन्मलेले हे शिल्पकार. तरुणपणी पोलिओ झाला, तरी आयुष्यभर हाताने वस्तू घडवत राहिले. मालिकेतलं गॉर्न नावाचं सरड्यासारखं पात्र आणि 'द मॅन ट्रॅप' या पहिल्या प्रक्षेपित भागातला मिठाला हपापलेला प्राणी, ही कामंही त्यांचीच. ते स्टुडिओतल्या कामगार संघटनेचे सभासद नव्हते आणि श्रेयनामावलीत त्यांचं नाव कधी झळकलं नाही. ही गोष्ट मला आजही डाचते. मालिकेची अर्धी ओळख ज्या वस्तूंनी झाली, त्या घडवणाऱ्याचं नाव प्रेक्षकांना कित्येक वर्षं ठाऊकच नव्हतं.

कम्युनिकेटर जवळून बघण्यासारखा आहे. काळ्या प्लॅस्टिकचं कवच, त्यावर पितळी जाळीचं झाकण. हे झाकणच अँटेना. झाकण उघडलं की आत तीन रंगीत दिवे, दोन बटणं आणि मधोमध एक गोल तबकडी दिसते. कॅमेऱ्याजवळ धरायच्या मोजक्या नगांमध्ये ती तबकडी खरोखर फिरते. एकावर एक ठेवलेल्या रेषांमुळे फिरताना तिच्यावर नक्षी उमटते आणि विरते, आणि हे सगळं चालतं ते आत बसवलेल्या स्टॉपवॉचच्या यंत्रावर. ना बॅटरी, ना मोटर, नुसती चावी. कमी पैशांत आणि कमी वेळात केलेलं काम असूनही 'हे यंत्र आता जागं झालं' हे प्रेक्षकाला लगेच कळतं.

पण माझा जीव जडला तो या झाकणाच्या झटक्यावर. मनगट जरा हललं की जाळी वर जाते, तो किलबिलाटासारखा आवाज येतो आणि कर्क बोलायला लागतो. कर्क साकारणाऱ्या विल्यम शॅटनरना काहीही समजावून सांगावं लागत नाही. ती वस्तू कशी वापरायची हे हाताला आपोआप कळतं आणि बघणाऱ्यालाही. उत्तम प्रॉप, म्हणजे पडद्यावर नटाने हाताळायची वस्तू, कशाला म्हणावं, असं कुणी विचारलं तर मी हा झटका दाखवीन.

दुसरं कारण याहून मोठं आहे. कम्युनिकेटरला मर्यादा आहेत, आणि लेखकांनी त्यांचं सोनं केलं. तो हिसकावून घेता येतो, हरवतो, बंद पडतो, आणि प्रत्येक वेळी कथा पुढे सरकते. 'द एनिमी विदिन' (१९६६) मध्ये माणसांना ग्रहावर पोचवणारं आणि परत आणणारं यंत्र, ट्रान्सपोर्टर, बिघडतं आणि जहाजावरचा सुलू व त्याचे सोबती एका गोठत चाललेल्या ग्रहावर अडकतात. त्यांना वर आणता येत नाही, पण आवाज मात्र येत राहतो. सुलू आधी थट्टा करतो, दोरीने गरम कॉफी सोडा म्हणतो, आणि पुढे पुढे त्याचा आवाज खोल जात राहतो. फेझर या किरणांच्या शस्त्राने दगड तापवून ते कसेबसे तग धरतात. त्या भागातला सगळा ताण एका छोट्या डबीतून येणाऱ्या आवाजावर उभा आहे. तो आवाज वगळला तर जहाजावरचा प्रसंग निम्मा फिका पडेल.

'फ्रायडेज चाइल्ड' (१९६७) मध्ये कर्क आणि स्पॉक दोन कम्युनिकेटर समोरासमोर ठेवून त्यांच्या कंपनांनी डोंगराची कड कोसळवतात आणि पाठलाग थोपवतात. 'अ पीस ऑफ द ॲक्शन' (१९६८) मधला कम्युनिकेटर तर मला सगळ्यात आवडतो, आणि तो शेवटी दिसतही नाही. ज्या ग्रहावरच्या लोकांनी एका पुस्तकावरून शिकागोच्या टोळ्यांची हुबेहूब नक्कल केली, तिथे जहाजावरचा डॉक्टर मॅकॉय आपला कम्युनिकेटर विसरून येतो. त्या डबीतला एक भाग फेडरेशनच्या, म्हणजे कर्कच्या बाजूच्या ग्रहांच्या संघाच्या, जवळजवळ सगळ्या यंत्रांचा पाया आहे, आणि हे लोक तर नक्कल करण्यात पटाईत. एका विसरभोळेपणात केवढा धोका दडलाय हे मालिका दोन वाक्यांत सांगते.

आता ट्रायकॉर्डर. वस्तू म्हणून तो सुरेख आहे, त्याबद्दल तक्रार नाही. वरचा भाग बिजागरीवर उचलला की छोटा पडदा दिसतो, खाली तबकड्या ठेवायचा कप्पा. चँग यांनी त्यातही कसूर ठेवलेली नाही. तरी तो माझा नावडता, कारण तो काय करू शकत नाही हे मालिकेने कधी नीट ठरवलंच नाही. गुहेत जीव आहे का, खडक कशाचा आहे, हवा श्वासाला योग्य आहे का, ती ऊर्जा कुठून येते, प्रश्न कुठलाही असो, स्पॉक झाकण उघडतो आणि उत्तर येतं. लेखकाला उत्तर नको असेल तेव्हा 'काहीतरी अडथळा येतोय' असं म्हणायचं की झालं. स्पॉक साकारणाऱ्या लिओनार्ड निमॉय यांच्यासारखा ताकदीचा नट मान खाली घालून डबीत बघतो आणि पटकथेतली माहिती वाचून दाखवतो, तेव्हा मला खरोखर हळहळ वाटते. माहिती मिळते, पण ती मिळवण्याची धडपड दिसत नाही.

याला एक लखलखीत अपवाद आहे, 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर' (१९६७). काळाच्या दारातून इतिहास झरझर सरकताना स्पॉक तो ट्रायकॉर्डरवर टिपून घेतो. मग कर्क आणि तो १९३० च्या न्यूयॉर्कमध्ये येऊन पडतात. कुठल्या क्षणी इतिहास बदलला हे त्या नोंदीत आहे, पण ती इतक्या वेगाने टिपलेली आहे की सावकाश बघायला जास्तीची यंत्रणा जोडावी लागणार. तीही तारा, व्हॅक्यूम ट्यूब आणि घड्याळ दुरुस्त करणाऱ्याच्या हत्यारांनी. स्पॉक काही पौंड प्लॅटिनम मागतो, आणि कर्क मजुरी करून आणतो ती चिल्लर. भाड्याच्या खोलीत तारांचं जंजाळ वाढत जातं, शेवटी पडद्यावर चित्र येतं आणि यंत्र जळून जातं. इथे ट्रायकॉर्डर अडतो, झगडायला लावतो, अर्धवट उत्तर देतो. निमॉयही इथे नुसतं वाचून दाखवत नाहीत, तर चिडतात, खपतात, झुरतात. एरवीच्या भागांत हेच का केलं नाही, असं मला दर वेळी वाटतं.

मॅकॉयचा वैद्यकीय ट्रायकॉर्डर हा त्याचाच भाऊ. फरक इतकाच की त्याच्या कप्प्यात रुग्णाच्या अंगावरून फिरवायची एक छोटी नळी असते. ती नळी म्हणजे खरं तर मीठदाणीच, अशी गोष्ट नेहमी सांगितली जाते. ती गोष्ट मुळात आहे 'द मॅन ट्रॅप'ची. त्या भागासाठी जरा वेगळ्या घडणीच्या मीठदाण्या आणल्या, पण प्रेक्षकांना त्या मीठदाण्या वाटणारच नाहीत म्हणून बाजूला ठेवल्या आणि पुढे मॅकॉयच्या शस्त्रक्रियेची हत्यारं म्हणून वापरल्या.

या दोन वस्तूंची गल्लत मालिकेबाहेरही चालते. 'स्टार ट्रेकचा कम्युनिकेटर म्हणजेच आपला मोबाइल' हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं, पण ते अर्धंच खरं आहे. कम्युनिकेटरला नंबर नसतो, टॉवर लागत नाही. तो वर कक्षेत फिरणाऱ्या जहाजाशी बोलतो, म्हणजे सॅटेलाइट फोनला जास्त जवळचा. मोटोरोलाच्या मार्टिन कूपर यांनी ३ एप्रिल १९७३ रोजी हातातल्या मोबाइलवरून पहिला फोन केला, आणि ही प्रेरणा 'स्टार ट्रेक'ची असं वर्षानुवर्षं छापलं गेलं. कूपर यांनी पुढे सांगितलं की त्यांच्या मनात होता तो चित्रपट्टीतल्या डिक ट्रेसीच्या मनगटावरचा रेडिओ. झाकणाच्या मोबाइलशी दिसण्यातलं साम्य खरं आहेच. मोटोरोलाने १९९६ साली काढलेल्या फोनचं नावही 'स्टारटॅक' होतं.

आज खिशात असलेला फोन मात्र ट्रायकॉर्डरकडे झुकतो. तो दिशा, हालचाल, प्रकाश मोजतो, नोंदी ठेवतो, पडद्यावर दाखवतो. वैद्यकीय ट्रायकॉर्डर प्रत्यक्षात आणायचाही प्रयत्न झाला. क्वालकॉमच्या पाठबळावर एक कोटी डॉलरची 'ट्रायकॉर्डर एक्सप्राइझ' स्पर्धा २०१२ साली जाहीर झाली. पाच पौंडांपेक्षा हलकं, डॉक्टरशिवाय घरच्या घरी आजार ओळखणारं यंत्र बनवायचं होतं. २०१७ साली निकाल लागला तेव्हा कुठलंच यंत्र सगळ्या मूळ अटींत बसलं नाही. फिलाडेल्फियाजवळच्या डॉक्टर बेसिल हॅरिस यांच्या कुटुंबाने घरात उभ्या केलेल्या यंत्राला २६ लाख डॉलर मिळाले. मालिकेतला ट्रायकॉर्डर ज्या प्रश्नांना चुटकीसरशी उत्तरं देतो, त्यांतल्या मोजक्या प्रश्नांसाठी ही मंडळी वर्षानुवर्षं झटली.

कुणाला दोन्ही वस्तू नीट ओळखून घ्यायच्या असतील, तर मी 'द एनिमी विदिन' आधी बघा म्हणेन आणि 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर' नंतर. मधले काही भाग जरूर बघा, स्पॉक सहज झाकण उघडून उत्तरं देतो ते भाग. ते बघितलेले असले की न्यूयॉर्कच्या खोलीत तोच ट्रायकॉर्डर अडून बसतो तेव्हा स्पॉक किती एकटा पडलाय ते कळतं.