मुलांना माशाचं तेल: मुडदुसापासून ओमेगा थ्रीपर्यंत

मागच्या आठवड्यात बडोद्याला दांडिया बाजारात मामीकडे गेले होते, तिथे टेबलावर दोन बाटल्या, एक कॉड लिव्हर ऑइलची आणि एक ओमेगा थ्री गमीजची, म्हणजे चघळायच्या गोड गोळ्यांची, दोन्ही चार वर्षांच्या नातवासाठी, आणि सरकारी मोहिमेतला अ जीवनसत्त्वाचा डोस पण नुकताच झालेला. मी जरा विचारलं तर मामी म्हणाली, अगं माशाचंच तेल ना ते, आम्ही नाही का तुम्हाला चमचाभर पाजायचो, काय झालं तुम्हाला? झालं काहीच नाही, खरंय. पण त्या दोन बाटल्यांमधलं तेल वेगळं आहे, आणि दोघांना एकच नाव कसं पडलं ते बघायला जरा मागे जावं लागतं.

जुनं तेल म्हणजे लिव्हरचं. उत्तर युरोपातले कोळी कॉड माशाच्या लिव्हरचं तेल पिढ्यानपिढ्या वापरायचे, 18व्या शतकाच्या शेवटी मँचेस्टरच्या दवाखान्यात ते संधिवातावर द्यायला लागले, 1841 मध्ये एडिंबराच्या जॉन ह्यूज बेनेट यांनी त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. तोवर हे तेल काढायची रीत म्हणजे लिव्हर पिंपात सडू द्यायचं आणि वर आलेलं तेल गोळा करायचं, वासाची कल्पनाच करा. 1850च्या दशकात नॉर्वेच्या पीटर मॉलर यांनी ताज्या लिव्हरला वाफ देऊन तेल काढलं तेव्हा कुठे ते पोरांच्या घशाखाली उतरायला लागलं. मुडदूस झालेल्या मुलांना, म्हणजे पाय वाकलेल्या, हाडं मऊ पडलेल्या, ते द्यायचे आणि मुलं सुधारायची, पण का ते कोणालाच सांगता यायचं नाही. 1918-19 च्या सुमारास एडवर्ड मेलानबी यांनी कुत्र्याच्या पिल्लांवर प्रयोग करून दाखवलं की मुडदुसाचं मूळ खाण्यात आहे आणि कॉड लिव्हर ऑइलने तो टळतो, मग 1922 मध्ये अमेरिकेत मॅककॉलम यांनी तेल तापवून त्यातून हवा सोडली. त्यातलं अ जीवनसत्त्व गेलं तरी मुडदूस बरा होतच होता, म्हणजे आत आणखी काहीतरी होतं. त्यालाच ड जीवनसत्त्व नाव पडलं.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये लहान मुलांना सरकारतर्फे हे तेल वाटलं जायचं. आपल्याकडे उलटंच झालं, नॉर्वे जर्मनांच्या ताब्यात गेला आणि तिकडचा माल बंद, म्हणून पश्चिम किनाऱ्यावर शार्कच्या, म्हणजे आपल्या मुशीच्या लिव्हरपासून तेल काढायचे कारखाने निघाले. गंमत अशी की मुशीच्या तेलात अ भरपूर आणि ड कमी, म्हणजे मुडदुसासाठी जे हवं तेच कमी. बडोद्याला तर हे तेल घरचंच, सयाजीरावांनी 1890 मध्ये काढलेल्या कलाभवन या तंत्रशिक्षण संस्थेचे गज्जर, त्यांच्यासोबत कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन, यांनी 1907 मध्ये अलेंबिक ही औषध कंपनी सुरू केली आणि त्याच अलेंबिकचं शार्कोफेरॉल टॉनिक. नावातच शार्क आणि लोह. आमच्या गल्लीत मासा शिजला तर शेजारच्या काकी खिडक्या लावून घ्यायच्या पण शार्कोफेरॉलची बाटली त्यांच्याही कपाटात होती, औषधाला कुठे शाकाहार मांसाहार असतो.

आता खरा मुद्दा. अ आणि ड दोन्ही चरबीत विरघळणारी, जास्त झालं तर लघवीवाटे निघून जात नाहीत, शरीरात साठतात, अ तर लिव्हरमध्येच साठतं. अतिरेक झाला की डोकेदुखी, उलट्या, केस गळणं, कातडी कोरडी पडणं, हाडं दुखणं, कधी कधी मेंदूभोवतीचा दाब वाढणं. 1944 मध्ये अमेरिकेतल्या एका डॉक्टरांनी लहान मुलातला असा प्रकार नोंदवला होता, त्या तीन वर्षांच्या मुलाला घरी हॅलिबट माशाच्या लिव्हरचं तेल खूप दिलं जात होतं. ब्रिटनमध्ये 1950च्या दशकात बाळांच्या रक्तात कॅल्शियम वाढल्याच्या केसेस आल्या, दूध पावडरमध्ये ड, सिरियलमध्ये ड, वर कॉड लिव्हर ऑइल, आणि सगळ्यांची बेरीज कोणी करतच नव्हतं. मग सरकारने त्यातल्या डचं प्रमाण कमी करायला लावलं. मामीच्या टेबलावर तेच चाललंय की.

आकडे बघा. साध्या कॉड लिव्हर ऑइलच्या एका छोट्या चमच्यात साधारण 4500 युनिट अ असतं. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 2001 मध्ये ठरवलेली रोजची वरची मर्यादा 1 ते 3 वर्षांसाठी 2000 युनिट आणि 4 ते 8 साठी 3000. म्हणजे रोजचा एकच चमचा मर्यादेपलीकडे. (गाजरातलं बीटा कॅरोटीन, ज्यापासून शरीर अ बनवतं, ते यात धरत नाहीत, गाजराचा हलवा बिनधास्त खा.) सरकारी डोस वर्षभरानंतरच्या मुलाला 2 लाख युनिटचा असतो, पण तो सहा महिन्यांतून एकदा म्हणून चालतो, त्याच्या जोडीला रोजचा चमचा कोणी हिशोबात धरलेला नाही. काही कंपन्या आता अ कमी करून विकतात, म्हणून लेबल वाचल्याशिवाय काहीच सांगता येत नाही.

दुसरी बाटली एकदम नवी. 1970च्या सुमारास बँग आणि डायरबर्ग हे डेन्मार्कचे डॉक्टर ग्रीनलंडला गेले, तिथले इन्युइट लोक एवढी चरबी खातात तरी हार्टचे आजार कमी कसे, आणि तिथून ओमेगा थ्री, म्हणजे माशाच्या चरबीतला एक घटक, चर्चेत आलं. हे तेल माशाच्या अंगाचं, लिव्हरचं नाही, त्यात अ-ड जवळपास नसतं. हार्टवरून गाडी मेंदूवर कधी आली कळलंच नाही. 2012 मध्ये ऑक्सफर्डच्या अभ्यासात वाचनात सगळ्यात मागे असलेल्या मुलांना डीएचएचा, म्हणजे ओमेगा थ्रीच्याच एका प्रकाराचा, थोडा फायदा दिसला, जाहिरातवाले खुश, पण 2018 मध्ये तोच अभ्यास परत केला तेव्हा फायदा दिसला नाही. त्याची जाहिरात कोण करणार.

या बाटलीत विषारी होण्याची भीती कमी, त्रास साधे, माशाच्या ढेकरा, जुलाब, गमीज गोड असल्याने मूल चॉकलेटसारखं मागत राहतं. माशाची ॲलर्जी असेल तर मात्र देऊच नये, रक्त पातळ करायचं औषध चालू असेल किंवा ऑपरेशन ठरलं असेल तर डॉक्टरांना आधी सांगावं, आणि तेलाला खवट वास आला तर फेकून द्यावं. शाकाहारी घरांसाठी शेवाळातून काढलेलं डीएचए मिळतं, मासे तरी ते तिथूनच घेतात.

मामीने शेवटी चष्मा लावून दोन्ही लेबलं वाचली. एकावर लिव्हर शब्द होता, ती बाटली तिने फ्रीजवर ठेवली, मुलांच्या डॉक्टरांना दाखवते म्हणाली. गमीज मात्र पोराने तोवर तीन खाल्ल्या होत्या.