एसओपी आणि स्वशिफारस: एकच मजकूर दोन्हीकडे चालत नाही

शिष्यवृत्तीच्या अर्जात एसओपी (स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे शिकण्यामागचा हेतू सांगणारा निबंध) आणि स्वशिफारस (स्वतःच स्वतःची केलेली शिफारस) असे दोन निबंध मागितले की बरेच विद्यार्थी एकच मजकूर थोडा फिरवून दोन्हीकडे चिकटवतात. समिती दोन्ही निबंध एकापाठोपाठ वाचते. पहिल्या परिच्छेदातच हे उघडं पडतं आणि दुसऱ्या निबंधाची जागा फुकट जाते.

एसओपी तुम्हाला ठाऊक आहे: विषय कोणता, हाच अभ्यासक्रम का, पुढे काय करणार. लांबी, मांडणी, शीर्षक असले फरक किरकोळ आहेत, ते सूचनांमध्ये दिलेले असतात.

खरी गफलत होते ती बोलणारा कोण, यात. एसओपीत उमेदवार बोलतो. स्वशिफारशीत शिफारस करणारा बोलतो, फक्त तो माणूस तुम्हीच असता. शिफारसपत्र लिहिणाऱ्या शिक्षकांना तुमच्या मनातलं दिसत नाही, त्यांनी जे पाहिलं तेच ते लिहितात. स्वतःबद्दल लिहिताना हाच नियम पाळा. ‘मला संशोधनाची प्रचंड आवड आहे’ हे एसओपीत एकवेळ खपेल. स्वशिफारशीत ती आवड दुसऱ्या कुणाला कशात दिसली असती, ते लिहावं लागतं: ‘वजनाचे आकडे जुळेनात, म्हणून मी तराजू तपासला. त्याचा शून्य दर वेळी सरकत होता. तो दुरुस्त करून घेऊन ४० नोंदी पुन्हा घेतल्या.’ इथे ‘आवड’ हा शब्द कुठेच नाही, आणि त्याची गरजही नाही.

कच्चा मसुदा झाला की त्यातली ‘जिद्दी’, ‘मेहनती’, ‘प्रामाणिक’ ही सगळी विशेषणं खोडा. उरलेलं वाचून ती वाचणाऱ्याला आपोआप सुचली, तर निबंध जमला. नाही सुचली, तर प्रसंग अपुरा आहे. विशेषणं परत घालून तो भरत नाही.

स्वशिफारशीची मर्यादा ५०० शब्दांची असेल तर स्वतःचे गुण दोनच घ्या, पाच नकोत, आणि प्रत्येक गुणासाठी एक प्रसंग. एका प्रसंगाला २०० शब्द: परिस्थितीला ४०, तुम्ही काय केलंत याला १२०, निष्पत्तीला ४०. बहुतेकांचं नेमकं उलटं होतं, परिस्थितीच दीडशे शब्द खाते. उरलेल्या १०० शब्दांत एक खरी उणीव, तिच्यावर चाललेलं काम आणि शिष्यवृत्तीशी असलेला सांधा. ‘मी जरा जास्तच परिपूर्णतेच्या मागे लागतो’ ही उणीव नव्हे. ती कृपा करून लिहू नका.

सर्वांत जास्त नुकसान करते ती अहवालाची भाषा. ‘उपक्रम राबवण्यात आला’, ‘जनजागृती करण्यात आली’. कोणी केली? शिफारस व्यक्तीची असते, आणि या वाक्यांत व्यक्तीच गायब आहे. काम गटाचं असलं तरी ‘आम्ही सहा जण होतो, माहिती तपासण्याचं काम माझ्याकडे होतं’ असं स्पष्ट लिहा. यात बढाई नाही, नेमकेपणा आहे. सुविचाराने सुरुवात करण्याची सवयही सोडा, कारण तेवढे शब्द दुसऱ्याचे होतात.

सूचनेत तृतीय पुरुषात लिहायला सांगितलं असेल तरच ‘ती विद्यार्थिनी’ वापरा, एरवी ‘मी’च बरा. शिक्षक आपल्या पत्रात कोणता प्रसंग घेणार आहेत, हे त्यांना आधी विचारून ठेवा. तोच प्रसंग तुम्हीही घेणार असाल तर तारखा, गटातली माणसं आणि आकडे दोन्हीकडे तंतोतंत जुळले पाहिजेत.