फादरांची शेवटची मिस्सा : पुण्यातल्या एका रीतीची पार्श्वभूमी

कॅथलिक चर्चमध्ये अंत्यविधीच्या मिस्साला, म्हणजे मुख्य उपासनेला, एरवी शवपेटी ठेवतात ती मृताचे पाय वेदीकडे करून. धर्मगुरूची पेटी मात्र उलटी असते. डोकं वेदीकडे, पाय दाराकडे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, गर्दीच्या गडबडीत काहीतरी चुकलं. ही रीत 1614 सालची आहे. पोप पाचवे पॉल यांच्या काळात रोममध्ये जो विधिग्रंथ निघाला, त्यात हा नियम घातला गेला. भाविक वेदीकडे तोंड करून प्रार्थना करतो, फादर लोकांकडे वळून आशीर्वाद देतात. मेल्यावरही दोघांनी आपापली जागा राखायची, असा त्याचा अर्थ लावतात. 1969च्या सुधारित विधीनेही ही प्रथा जिथे चालत आली आहे तिथे चालू ठेवायला मुभा दिली.

पुण्यातल्या एखाद्या धर्मग्रामाचे, म्हणजे एका चर्चच्या भाविक-समुदायाचे, आवडते फादर गेले की जे घडतं, त्यातल्या जवळपास प्रत्येक गोष्टीचं वय असं वेगवेगळं आहे. आणि मुळाशी प्रश्न एकच. आपल्याकडे शेवटचं सगळं करायचं ते मुलाने. फादरांना मुलंबाळं नाहीत. मग घरचं माणूस कोण? उत्तर धर्मग्रामच देतो. पेटीला खांदा द्यायला तरुण पोरं पुढे होतात, रात्रभर जपमाळेची प्रार्थना चालते, बाहेर चौकात ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा फ्लेक्स लागतो आणि त्यावर शोकाकुल म्हणून नाव असतं ते ‘समस्त धर्मग्रामवासी’.

हे धर्मग्रामवासी कुठून आले, ते पाहिल्याशिवाय पुढचं कळत नाही. नाना पेठेतलं, क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च 1792चं. पेशव्यांच्या फौजेत गोव्याकडचे ख्रिस्ती अधिकारी आणि शिपाई होते, त्यांच्या उपासनेसाठी सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत जागा मिळाली. म्हणजे पुण्यातल्या कॅथलिकांची सुरुवात पेशवाईत, गोवेकर वळणाने झाली. इंग्रजी अमदानीत कॅम्पात आयरिश सैनिक आले, त्यांच्यासाठी 1850 साली सेंट पॅट्रिक चर्च उभं राहिलं. 1886 साली पुणे धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपच्या देखरेखीखालचा प्रदेश, झाला आणि कारभार जर्मन जेज्विटांच्या, म्हणजे येशूसंघ या संन्यस्त संस्थेच्या फादरांच्या, हाती राहिला. त्यांचं खरं काम शहरात कमी आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या खेड्यांत जास्त. तिथली, बहुतेक दलित वस्त्यांतली कुटुंबं पुढे पोटापाण्यासाठी पुण्याला आली. आज शोकविधीत हार्मोनियम-तबला घेऊन भजनी मंडळ बसतं, ते वळण मुख्यतः नगरकडून आलेलं.

या जेज्विटांतले हेन्री डोरिंग यांची गोष्ट इथे सांगायला हवी. नगर जिल्ह्यात केंदळला असताना 1903 साली त्यांनी ‘निरोप्या’ हे मराठी मासिक सुरू केलं. 1907 साली ते पुण्याचे बिशप झाले. पहिलं महायुद्ध पेटलं आणि इंग्रज सरकारने जर्मन फादरांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून स्थानबद्ध केलं, पुष्कळांना मायदेशी पाठवलं. डोरिंग यांच्याकडे पुढे जपानमधल्या हिरोशिमाची जबाबदारी आली. 1927 साली ते पुन्हा पुण्याला नेमले गेले. पण ज्या जर्मन फादरांनी बाप्तिस्मा दिला, लग्नं लावली, ते युद्धामुळे असे जिवंतपणीच नाहीसे झाले. त्यांच्यासाठी शोक करायची रीत कुठल्याच ग्रंथात नव्हती.

आता रंगाकडे येऊ. साठ वर्षांपूर्वीपर्यंत कॅथलिक अंत्यविधी म्हणजे काळी वस्त्रं, लॅटिन प्रार्थना आणि न्यायाच्या दिवसाचं भय घालणारं गीत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, 1963च्या उपासनेविषयीच्या दस्तऐवजात स्पष्ट म्हटलं, की ख्रिस्ती मृत्यूचं नातं पुनरुत्थानाशी आहे आणि ते विधीत दिसलं पाहिजे, रंगातही. 1969च्या विधीत काळ्याबरोबर जांभळा आणि पांढराही चालेल असं ठरलं. ते भीतीचं गीतही गेलं. आपल्याकडे पांढरा चटकन रुळला. मराठी माणूस मयतीला पांढरंच घालून जातो. रोमच्या मनात पांढऱ्याचा अर्थ ईस्टरचा, म्हणजे पुनरुत्थानाचा होता, इथल्या लोकांच्या मनात सुतकाचा. दोन्ही अर्थ एकाच कापडात सुखाने नांदले, कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

त्याच 1969च्या एप्रिलमध्ये रोमने भारतीय चर्चला बारा बाबींची परवानगी दिली. आरती, समई, हात जोडून नमस्कार, पंचांग प्रणाम, अंगावर शाल या गोष्टी उपासनेत अधिकृतपणे आल्या. मिस्साची वस्त्रं नेसवलेले फादर, पेटीवर बायबल आणि चषक, पायाशी समई आणि रांगेत येऊन पायांवर डोकं टेकवणाऱ्या म्हाताऱ्या बायका, हे दृश्य ‘पूर्वापार’ वाटतं. त्यातली पायांवर डोकं टेकवायची सवय खरोखर जुनी, तिला कुणाची परवानगी लागली नव्हती. समईला चर्चमध्ये अधिकृत जागा मिळाली ती मात्र एवढ्यातच.

एक नियम पुण्यात हमखास वाकवला जातो. अंत्यविधीच्या मिस्सात प्रवचन असावं, मृताचं गुणगान नसावं, असं विधिग्रंथ सांगतो. पण हे शहर 1875पासून वसंत व्याख्यानमाला चालवणारं. ख्रिस्तप्रसाद वाटून झाला की माइकपाशी एक जण ‘दोनच शब्द’ म्हणून उभा राहतो आणि मागे पाच जण वाट पाहत असतात. शहाणे बिशप म्हणूनच शोकसभा वेगळी ठेवायला सांगतात. ती पद्धत सरळ आपल्या सार्वजनिक जीवनातून उचललेली आहे, आणि माझ्या मते बरंच झालं. शेजारच्या गणपती मंडळाचा अध्यक्ष, पलीकडच्या मशिदीचे मौलाना, शाळेचे जुने मुख्याध्यापक यांना मिस्सात बोलता येत नाही, सभेत येतं.

दफन कुठे करायचं, यावरून मात्र कधीकधी मनं दुखावतात. फादर वसईचे, गोव्याचे किंवा मंगळूरचे असतील तर गावाकडच्यांना वाटतं, आपला माणूस आपल्या मातीत यावा. धर्मग्रामाला वाटतं, ते आमचे. धर्मप्रांताचे फादर दीक्षा घेताना त्या प्रांताशी बांधलेले असतात, त्यामुळे दफन बहुधा तिथेच होतं. जेज्विटांसारख्या संस्थांचे फादर आपल्या बांधवांशेजारी विसावतात. चर्चच्या आत कबर हवी असा हट्ट कधी झालाच तर तो चालत नाही. 1983च्या धर्मसंहितेतलं कलम 1242 सांगतं, की चर्चच्या आत पोप, तसंच आपापल्या चर्चमध्ये कार्डिनल आणि बिशप यांचंच दफन होऊ शकतं. मग फादर कितीही लाडके असोत. दहनालाही 1963पासून मनाई नाही, तरी फादरांच्या बाबतीत दफनच जास्त दिसतं.

दफनानंतर मोजतात तो तिसावा दिवस. तिसऱ्या, सातव्या आणि तिसाव्या दिवसाच्या मिस्सा जुन्या रोमन ग्रंथांत आहेत. चौथ्या शतकाच्या अखेरीस मिलानचे बिशप अँब्रोज यांनी सम्राट थिओडोसियसच्या मृत्युप्रसंगी केलेल्या भाषणातही अशा दिवसांचा उल्लेख येतो. आणि त्याहून मागे बायबलमध्ये इस्राएलचे लोक दोघांसाठी तीस दिवस रडले असं लिहिलं आहे: एक मोशे, दुसरा अहरोन. अहरोन महायाजक होता. त्यामुळे फादरांच्या महिन्याच्या मिस्साला जरा वेगळं वजन आहे. तोवर बहुधा नवे फादर आलेले असतात. ती मिस्सा तेच चढवतात, आणि त्या दिवशी लोक त्यांचं प्रवचन किती लांबलं हे घड्याळ लावून मोजतात.