पटकीचे जंतुविष

पटकी (कॉलरा) या रोगाची लक्षणे ज्या प्रथिनामुळे उद्भवतात ते विष. व्हिब्रिओ कॉलरी हा वाकडा, दंडाकार जंतू लहान आतड्याच्या अस्तराला चिकटतो, त्यात शिरत नाही. त्याने बाहेर टाकलेले विषच रोग घडविते. म्हणून त्याची गणना बहिर्विषांत होते.

विषाच्या रेणूत एक ‘अ’ व पाच ‘ब’ घटक असतात. ‘ब’ घटक पेशीला धरतात आणि ‘अ’ चा तुकडा आत जाऊन अ‍ॅडेनिलेट सायक्लेज हे विकर अखंड चालू ठेवतो. पेशीत चक्रीय एएमपी हा संदेशवाहक रेणू साचतो, क्लोराइड आतड्याच्या पोकळीत उतरते व त्यामागे सोडियम आणि पाणी जाते. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होतात ते यामुळे. तीव्र रोगात तासाला लिटरभर पाणी जाऊ शकते. ग्लुकोजबरोबर सोडियम शोषून घेण्याचा मार्ग मात्र विष बंद करू शकत नाही. मीठ-साखरेच्या पाण्याने रोगी वाचतो तो याच मार्गाने.

असे विष असावे, हे रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्येच सुचविले होते. तरी नंतर बराच काळ जंतूच्या भित्तिकेतील अंतर्विषालाच दोष दिला जाई. कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या भागात जंतू गाळून काढलेला द्रव घातला आणि तो भाग पाण्याने फुगला. त्याच वर्षी मुंबईच्या हाफकिन संस्थेत दत्ता, पानसे व कुलकर्णी यांनी सशाच्या पिलांत जंतुविरहित अर्काने जुलाब घडवून आणले. शोधाचा मान सामान्यतः डे यांना दिला जातो व ते योग्य दिसते. पण मुंबईच्या कामाचा उल्लेख अनेकदा गळतो, तो गळू नये. विषाचे जनुक जंतूला एका जीवाणुभक्षी विषाणूकडून मिळते, हे १९९६ मध्ये कळले.

रोगाच्या जुन्या नावाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. सोळाव्या शतकातील गोव्यातील पोर्तुगीज लेखनात ‘मोर्शी’सारखी रूपे येतात; गार्सिया द ओर्ता यांच्या १५६३ च्या ग्रंथातही ते नाव आहे. मराठी-कोकणी ‘मोडशी’ (मोडणे या धातूपासून) हे त्याचे मूळ, हे मत ग्राह्य वाटते. फ्रेंचांनी त्याचेच ‘मोर द शियँ’, म्हणजे कुत्र्याचे मरण, असे रूप केले असावे. मात्र ती मोडशी म्हणजे १८१७ नंतर जगभर पसरलेली पटकीच, असे निश्चित म्हणता येत नाही. आज मोडशी म्हणजे केवळ अपचन.

सातारा-सांगली भागात कृष्णाकाठच्या गावांत पटकीची देवता म्हणून मरीआईचे ठाणे बहुधा शिवेवर आढळते. पावसाळ्यात ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक पाण्याच्या टाकीत टीसीएल (विरंजक) पावडर टाकतो. तिच्यातील क्लोरीन जंतू मारतो. आतड्यात आधीच स्रवलेल्या विषावर त्याचा काही उपाय नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली शहर व आसपासची गावे पाण्याखाली गेली. अशा वेळी विहिरी व नळांचे पाणी मैलामिश्रित होऊन जंतूला नेमकी वाट मिळते.