मानपान म्हणजे स्वाभिमान नव्हे

लग्नपत्रिकेत नाव तिसऱ्या ओळीत छापलं म्हणून हळदीला न आलेले काका. फेटा बांधायला उशीर झाला म्हणून मांडवाबाहेर खुर्ची टाकून बसलेले मामा. सूत्रसंचालक नाव घ्यायला विसरला म्हणून व्यासपीठावरून तरातरा उतरलेले माजी सरपंच. तिघांनाही कारण विचारा, उत्तर एकच: "आम्हालाही स्वाभिमान आहे!"

असेल हो, नक्की असेल. पण आत्ता जो दुखावलाय तो तुमचा मानपान आहे.

मानपान काय असतो हे मराठी माणसाला समजावून सांगण्यात अर्थ नाही. विहिणीची पंगत, कानपिळी, टॉवेल-टोपीचा आहेर, शाल-श्रीफळ या सगळ्यातच आपण वाढलो. त्यात मुळात वाईटही काही नाही. थोरल्यांना पहिलं ताट वाढल्यानं नाती टिकत असतील तर जरूर वाढावं. माझी तक्रार एवढीच, की ताटाला उशीर झाल्यावर स्वाभिमानाचा झेंडा नाचवू नये.

आता या दोन गोष्टींतले फरक म्हणून जे सांगितले जातात त्यातले बरेचसे फुटकळ आहेत. साधे कपडे, नम्र बोलणं, ताठ चालणं वगैरे सोडून द्या. मात्र एक समज तेवढा खोडून काढायला हवा. सकाळी सकाळी कमळाच्या चित्राखाली येणारे सुविचार सांगतात की स्वाभिमानी माणूस शांत असतो आणि अहंकारी माणूस ओरडतो. साफ चूक. सहा महिने अबोला धरून अख्खं घर वेठीला धरणारा माणूसही शांतच असतो की! आणि खरा स्वाभिमान कधी कधी भर दरबारात आवाज चढवतो.

आग्र्याचंच बघा. १२ मे १६६६ रोजी औरंगजेबाच्या दरबारात शिवाजी महाराजांना पंचहजारी मनसबदारांच्या रांगेत उभं केलं गेलं. पुरंदरच्या तहानंतर आठ-नऊ वर्षांच्या संभाजीराजांनाच पंचहजारी मनसब मिळालेली होती, म्हणजे बापाला मुलाच्या पायरीवर आणून ठेवलं. महाराज संतापले, मिर्झाराजे जयसिंगांच्या मुलाला, रामसिंगाला, खडे बोल सुनावले आणि बादशहाकडे पाठ फिरवून बाजूला झाले. वरवर पाहिलं तर भांडण जागेचंच. पुढं कोण, मागं कोण, रांग कुठली. मांडवातल्या मामांना हा दाखला फार आवडतो, म्हणूनच तो नीट वाचायला हवा.

त्यानंतर बादशहाकडून खिलत आली. मानाचा पोशाख. तो अंगावर चढवला असता तर प्रकरण तिथंच निवलं असतं. महाराजांनी तो घेतला नाही. मग मुक्कामाभोवती पहारे बसले, जिवावर बेतलं, आणि ऑगस्टमध्ये तिथून निसटेपर्यंतचा प्रत्येक दिवस धोक्याचा गेला. मामांना मात्र नेमकी खिलतच हवी असते. फेटा आणा, समजूत काढायला दोन वडीलधारे पाठवा, नवऱ्या मुलाला पाया पडायला लावा, की मामा हसत हसत पंगतीला हजर.

सगळा गोंधळ होतो तो इथंच. दुखावलेला माणूस दोन्हीकडे सारखाच दिसतो, तोंडातली वाक्यंही सारखीच असतात. बघायचं ते हे, की दुखावल्याची किंमत कोण मोजतंय. मामा रुसले की धावपळ मुलीच्या बापाची होते, जेवण खोळंबतं ते पाहुण्यांचं, आणि आतल्या खोलीत रडते ती नवरी. मामांच्या खिशातून काहीच जात नाही; उलट जाताना चार जास्तीचे नमस्कार घेऊनच ते जातात. स्वाभिमानाचा हिशेब याच्या उलटा असतो. तिथं 'नाही' म्हणणाऱ्याच्याच ताटातलं काहीतरी कमी होतं, आणि ते त्याला आधीपासून ठाऊक असतं.

चिंतामणराव देशमुखांना १९५६ साली कुणी मागच्या खुर्चीवर बसवलं नव्हतं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, देशाचे अर्थमंत्री; मानाला तोटा तो काय? पण मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्रशासित करायचं ठरलं, आंदोलकांवर गोळ्या चालल्या, आणि आपण ज्या मंत्रिमंडळात बसतो त्याच्या या निर्णयाला आपला होकार आहे असा अर्थ होऊ देणं त्यांना पटेना. राजीनामा दिला. गप्प बसले असते तर हारतुरे चालूच राहिले असते. गेलं ते त्यांचं स्वतःचं पद.

लोकांच्या मनात छाप पडते तीही यावरूनच. मानपानवाल्यांना वाटतं की लोक आपल्याला वचकून असतात, त्या अर्थी मान देतात. कधी कार्यक्रमाच्या आदल्या रात्रीची आयोजकांची कुजबुज त्यांनी ऐकायला हवी: "त्यांचं नाव आधी घे रे बाबा, नाहीतर कटकट करतील." यादीत वर नाव लागतं, ते कटकट टाळण्यासाठी.

ऑफिसातही हाच घोळ आहे, जरा गुंतागुंतीचा. अहवालावर आपलं नाव नाही म्हणून बोलणं हा मानपान नव्हे, काम केलंय तर नाव मागावंच. पण जो साहेब स्वतःच्या नावासाठी भांडतो आणि रात्री जागून आकडे जुळवणाऱ्या पोराचं नाव खुशाल गाळतो, त्यानं स्वाभिमानावर व्याख्यान देऊ नये. असे साहेब देतात, आणि आपण टाळ्याही वाजवतो.

सगळ्यात जास्त चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. नाव कुठलं द्यायचं हे माणूस बघून ठरतं. जावई रुसला तर तो मानी, सुनेनं टोमणे ऐकून घेतले नाहीत तर ती अहंकारी. ओळखीच्या एका सोसायटीत एका घरातली अंगठी हरवली आणि धुण्याभांड्याच्या मावशींवर संशय घेतला गेला. त्यांनी त्याच दिवशी काम सोडलं. अंगठी पुढं वॉशिंग मशीनच्या फिल्टरमध्ये सापडली. घरची मंडळी साडी घेऊन त्यांच्याकडे गेली. मावशींनी थकलेला पगार मोजून घेतला, साडी परत केली, आणि घरभाडं तोंडावर असतानाही त्या घरी पुन्हा पाऊल टाकलं नाही. सोसायटीत त्यावर चर्चा झाली ती "काय हा माज!" अशी. त्याच सोसायटीत, गणपतीच्या पहिल्या आरतीला बोलावलं नाही म्हणून वर्गणी बंद केलेले एक गृहस्थ राहतात. त्यांना सगळे 'तत्त्वाचे पक्के' म्हणतात.