ट्रॅक डेसाठी टायरची निवड

मोटारशर्यतींसाठी बांधलेल्या बंदिस्त ट्रॅकवर आपली नेहमीची गाडी मनसोक्त वेगाने चालवण्याचा दिवस म्हणजे ट्रॅक डे. ही शर्यत नसते. क्रमांक लागत नाहीत, आणि पुष्कळ ठिकाणी फेरीची वेळ मोजायलाही बंदी असते. पंधरा-वीस मिनिटांचे एक सत्र, मग गाडी आणि चालक दोघांनाही विश्रांती, पुन्हा सत्र, आणि संध्याकाळी त्याच गाडीने घरी, असा दिवसाचा साधारण क्रम. या घरी जाण्यामुळेच टायरची निवड अवघड होते. शर्यतीच्या संघाकडे कोरड्यासाठी एक आणि पावसासाठी दुसरा संच रिमवर चढवून तयार असतो. ट्रॅक डेला आलेल्या माणसाकडे बहुधा चारच टायर असतात. सकाळचा थंड, ओलसर ट्रॅक, दुपारचे तापलेले डांबर आणि परतीचा महामार्ग हे सगळे त्या चौघांनीच निभवायचे असते.

त्यामुळे ‘सर्वांत जास्त पकड कोणत्या टायरची?’ हा प्रश्न मुळात अर्धवट आहे. किती तापमानाला, किती पाण्यात आणि कितव्या फेरीला, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

पकड कुठून येते

रबर डांबराला दोन तऱ्हांनी धरते. एक म्हणजे सरळ चिकटणे : रबराचा पृष्ठभाग खडीला अगदी जवळून भिडला की दोघांच्या रेणूंमध्ये ओढ निर्माण होते. दुसरी तऱ्हा कमी ठाऊक असते. खडीच्या बारीक उंचवट्यांवर रबर दबते, पुढे सरकताना पुन्हा मूळ आकाराकडे येते, पण दबताना घेतलेली सगळी ऊर्जा ते परत देत नाही. काही उष्णतेत जाते आणि तेवढा विरोध घसरणीला होतो. पाण्याचा पातळ थर मध्ये आला की पहिली तऱ्हा जवळजवळ बंद पडते, दुसरी बरीचशी टिकते. ओल्या ट्रॅकवर खडबडीत भाग पकड देतो आणि गुळगुळीत भाग दगा देतो तो यामुळेच.

दोन्ही तऱ्हा तापमानावर अवलंबून असतात. थंड रबर कडक असते, खडीत शिरत नाही. फार तापलेले रबर मऊ होऊन पृष्ठभागावरच फाटू लागते. चालकांच्या भाषेत टायर ‘तेलकट’ होतो. रबराच्या प्रत्येक मिश्रणाचा तापमानाचा आपला एक पट्टा असतो. ट्रॅकसाठी बनवलेल्या सेमी-स्लिक, म्हणजे अगदी मोजक्या खाचांच्या, टायरचा पट्टा ढोबळमानाने ७० ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास येतो. पावसाळी टायरचे मिश्रण त्याहून बऱ्याच कमी तापमानाला काम करेल असे मऊ ठेवलेले असते, कारण पाणी त्याला सतत थंड करत असते. रस्त्याच्या टायरांत हा पट्टा मुद्दाम रुंद ठेवतात आणि त्याच्या बदल्यात कमाल पकड थोडी सोडून देतात. १९९२ मध्ये मिशेलिनने काजळीऐवजी मोठ्या प्रमाणावर सिलिका घातलेले टायर बाजारात आणले. त्यानंतर ओल्यातली पकड आणि कमी लोळण-विरोध (चाक फिरताना टायरमुळे होणारा अडथळा) या दोन गोष्टी एकाच टायरात बसवणे सोपे झाले. आजचा चांगला रस्त्याचा टायर पावसात इतका भरवशाचा वाटतो त्यामागे सिलिकाचा वाटा मोठा आहे.

गोटा आणि खाचा

झिजून गुळगुळीत झालेल्या टायरला आपण ‘गोटा’ म्हणतो आणि तो ताबडतोब बदलायला सांगतो. कोरड्या ट्रॅकवर मात्र गोटाच सर्वांत चांगला! स्लिक टायर म्हणजे कारखान्यातूनच गोटा होऊन आलेला टायर. फॉर्म्युला वनमध्ये फायरस्टोनने तो १९७१ च्या स्पॅनिश ग्रां प्रीमध्ये आणला. त्याचे फायदे दोन. खाचा नसल्याने सगळे रबर जमिनीला लागते, हा उघड फायदा. दुसरा फायदा अधिक महत्त्वाचा : नक्षीमुळे टायरचा पृष्ठभाग सुट्या ठोकळ्यांत विभागला जातो आणि वळणावर हे ठोकळे खोडरबरासारखे वाकतात. वाकल्याने स्टिअरिंगला मिळणारे उत्तर मंदावते, ठोकळे आतून तापतात आणि शेवटी त्यांचे तुकडे उडतात. नवा कोरा, ८ मिलिमीटर खोल नक्षीचा टायर कोरड्या ट्रॅकवर नेला तर तो निम्म्या झिजलेल्या टायरपेक्षा लवकर खराब दिसू लागतो तो त्यामुळेच. काही हौशी शर्यतपटू तर नवे टायर मुद्दाम तासून घेतात.

पाण्यात हा सगळा हिशेब उलटतो. टायरखालचे पाणी बाजूला सारायला जागा मिळाली नाही, तर त्याचा दाब वाढत जाऊन टायर जमिनीवरून उचलला जातो आणि गाडी तरंगते. स्टिअरिंग हलके होते, ब्रेक दाबून उपयोग होत नाही. नासाचे वॉल्टर हॉर्न यांनी १९६३ मध्ये विमानांच्या टायरांवरील प्रयोगांतून यासाठी एक सोपे सूत्र मांडले. टायरमधल्या हवेचा दाब पीएसआय या एककात घेऊन त्याचे वर्गमूळ काढायचे आणि त्याला साधारण १६.७ ने गुणायचे, की तरंगण्याचा वेग ताशी किलोमीटरमध्ये मिळतो. ३३ पीएसआयला तो सुमारे ९६ येतो, २८ पीएसआयला सुमारे ८८. मोटारीच्या टायरला हे आकडे जसेच्या तसे लागू करू नयेत, कारण नक्षीची खोली, टायरची रुंदी, वजन आणि पाण्याची खोली या गोष्टी ते सूत्र पाहत नाही. पण दिशा बरोबर आहे : दाब कमी तर तरंगणे लवकर. रुंद टायरही लवकर तरंगतो, कारण त्याला समोरचे जास्त पाणी हटवावे लागते. कोरड्यात ज्याचा अभिमान बाळगावा तो रुंद टायर साचलेल्या पाण्यात बाधक ठरतो.

नक्षीचे प्रकारही लक्षात घ्यावेत. दिशादर्शक नक्षीत इंग्रजी ‘व्ही’ आकाराच्या खाचा पाणी मधून दोन्ही बाजूंना फेकतात. हे टायर फिरण्याच्या दिशेला बांधलेले असतात आणि रिमवरून उतरवल्याशिवाय डावी-उजवी बदल करता येत नाही. असममित नक्षीत बाहेरच्या खांद्यावर मोठे, भरीव ठोकळे कोरड्या वळणांसाठी असतात आणि आतल्या बाजूला पाण्यासाठी जास्त खाचा असतात. मिश्र हवामानाच्या दिवसासाठी ही दुसरी रचना मला अधिक समंजस वाटते.

टायरच्या जाती आणि त्यांच्यावरचे आकडे

ट्रॅक डेला दिसणारे टायर ढोबळपणे एका ओळीत मांडता येतात. एका टोकाला मिशेलिन पायलट स्पोर्ट ४ एस सारखे रस्त्यासाठीचे उच्च क्षमतेचे टायर. त्यापुढे योकोहामा अ‍ॅडव्हान ए०५२ किंवा ब्रिजस्टोन पोटेन्झा आरई-७१आरएस यांसारखे, रस्त्यावर चालणारे पण मनाने ट्रॅकचे. मग टोयो आर८८८आर किंवा पिरेली पी झिरो ट्रोफेओ आर हे सेमी-स्लिक, ज्यांच्यावर कायद्यापुरत्या खाचा असतात. दुसऱ्या टोकाला निव्वळ स्लिक आणि निव्वळ पावसाळी टायर. ते रस्त्यावर चालवता येत नाहीत, म्हणजे गाडी ट्रेलरवरून आणावी लागते किंवा तिथे चाके बदलावी लागतात.

या ओळीतली टायरची जागा ओळखण्यासाठी लोक ट्रेडवेअरचा, म्हणजे झिजेचा, आकडा पाहतात. हा अमेरिकी वर्गीकरणाचा भाग असून टेक्सासमधील सार्वजनिक रस्त्यांवर सुमारे ११,६०० किलोमीटर चालवून, १०० आकड्याच्या संदर्भ टायरशी तुलना करून तो काढतात. आकडा जितका लहान तितका टायर लवकर झिजणारा, आणि म्हणून बहुधा मऊ. वर उल्लेखलेल्या टायरांत पायलट स्पोर्ट ४ एस ३००, ए०५२ आणि आरई-७१आरएस २००, आर८८८आर १००, ट्रोफेओ आर ६० असे आहेत. पण हा आकडा झिजेचा आहे, पकडीचा नाही. शिवाय तो निर्माताच जाहीर करतो. अनेक हौशी शर्यतींत ‘२०० च्या खाली चालणार नाही’ असा नियम असतो, आणि मग नेमके २०० लिहिलेले कितीतरी टायर बाजारात दिसतात. यात योगायोग कमीच असावा.

युरोपीय लेबलवरची ओल्या पकडीची श्रेणीही जपून वाचावी. ती चाचणी ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत, ताशी ८० वरून २० किलोमीटरपर्यंत ब्रेक लावून घेतात. वळणावरची पकड आणि खोल पाण्यातले तरंगणे यांचा तिच्याशी संबंध नाही. सेमी-स्लिकने नुसत्या ओलसर ट्रॅकवर चकित करणारी पकड द्यावी आणि पहिल्याच डबक्यात हात टेकावेत, असे होते ते यामुळे. त्याचे मऊ मिश्रण ओलसर खडीला धरते, पण ५-६ मिलिमीटरच्या मोजक्या खाचा साचलेल्या पाण्याला पुरत नाहीत. ओलसर आणि पाणी साचलेला हे दोन वेगळे ट्रॅक आहेत. पहिल्यात मिश्रण महत्त्वाचे, दुसऱ्यात खाचांची खोली.

हवा आणि उष्णता

टायर कोणताही असो, त्याची निम्मी वागणूक आतली हवा ठरवते. समजा, २० अंशांना २६ पीएसआय भरले आणि कोरड्या ट्रॅकवर आतली हवा ७० अंशांवर गेली, तर दाब सुमारे ३३ होतो. त्याच टायरने पावसात कष्टाने ३७-३८ अंश गाठले तर दाब जेमतेम २८ वर थांबतो. कोरड्यासाठी ठरवलेला थंड दाब, म्हणजे टायर गार असताना भरलेला दाब, पावसात तसाच ठेवणे म्हणजे नकळत कमी हवेवर चालणे आणि लवकर तरंगणे. म्हणून पाऊस आला की सकाळची हवा थोडी वाढवावी. ‘मऊ टायर जास्त धरतो’ अशा समजुतीने पावसात हवा काढणारेही भेटतात. पाणी साचलेले नसेल तर टायर लवकर तापायला त्याची थोडी मदत होते, पण डबक्यांत ते महागात पडते. नायट्रोजनचा आग्रह धरण्याचे कारण नाही. कोरडी हवाही तापल्यावर तशीच वागते, खरी अडचण हवेतल्या ओलाव्याची असते.

सत्र संपवून आल्याबरोबर, रबर गार व्हायच्या आत, सुईच्या तापमापकाने टायरचा आतला, मधला आणि बाहेरचा भाग मोजला तर बरेच कळते. मधला भाग सर्वांत तापलेला असेल तर हवा जास्त आहे, दोन्ही कडा तापल्या असतील तर कमी. फक्त बाहेरची कड जळत असेल तर चाकाचा कॅम्बर, म्हणजे वरची बाजू आत झुकवणारा कल, अपुरा आहे. रस्त्याच्या गाड्यांत पुढच्या चाकांबाबत हे हमखास आढळते. ही कड दोन-तीन दिवसांत तारांपर्यंत खरवडली जाते आणि बिचाऱ्या टायरला नावे ठेवली जातात.

पावसाळी टायर कोरड्या होत चाललेल्या ट्रॅकवर उलट कारणाने मरतो. थंड करणारे पाणी गेले की मऊ, उंच ठोकळे तापून फुटू लागतात. शर्यतीत असे टायर लावलेला चालक सरळ रस्त्यावर मुद्दाम डबकी शोधत जाताना दिसतो तो टायर गार करण्यासाठी. ट्रॅक लांब असेल तर हा पेच आणखी वाढतो. जर्मनीतल्या नूरबुर्गरिंगच्या नॉर्डश्लायफ या ट्रॅकची एक फेरी २० किलोमीटरहून मोठी आहे, आणि बेल्जियममधल्या ७ किलोमीटरच्या स्पा-फ्रँकोरशाँवरही एका टोकाला पाऊस आणि दुसऱ्या टोकाला कोरडे डांबर असू शकते. तिथे कोणताही टायर पूर्ण बरोबर नसतो.

पावसात आणखी एक गंमत घडते. कोरड्यात ज्या आदर्श रेषेवर सगळे चालतात तिथे रबर घासून घासून बसलेले असते आणि खडी गुळगुळीत झालेली असते. ओले झाले की तीच रेषा सर्वांत निसरडी. अनुभवी चालक मग वळणाच्या बाहेरून, खडबडीत डांबरावरून जातात आणि रंगवलेल्या कडांना चाक लावत नाहीत. टायर न बदलता मिळणारी ही पकड फुकटची आहे.

निवड

ट्रॅक डेला पहिल्यांदा येणाऱ्याने चांगल्या अवस्थेतल्या रस्त्याच्या टायरांवरच यावे असे या क्षेत्रातले बहुतेक प्रशिक्षक सांगतात, आणि ते योग्य आहे. असा टायर मर्यादेजवळ आला की ओरडतो आणि सावकाश सुटतो; चालकाला चूक ऐकू येते. सेमी-स्लिक बराच वेळ गप्प राहतो आणि सुटतो तेव्हा जास्त वेगाला सुटतो. शिवाय जादा पकडीचा भार पूर्ण गाडीवर येतो : लांब वळणात इंजिनचे तेल तळपात्राच्या एका बाजूला सरकून पंपाला मिळेनासे होणे किंवा चाकाचे बेअरिंग लवकर जाणे, हे सेमी-स्लिक घातलेल्या साध्या गाड्यांचे नेहमीचे दुखणे आहे.

वारंवार जाणाऱ्याने दुसरे चार रिम घेऊन त्यावर सेमी-स्लिक चढवावेत आणि येताना रस्त्याच्या टायरांवर यावे. पाऊस आला तर तेच रस्त्याचे टायर त्याचे पावसाळी टायर होतात. हौशी माणसाला खास पावसाळी संचाची गरज क्वचितच पडते. एकाच संचावर भागवायचे असेल तर ट्रेडवेअर २०० च्या आसपासचा टायर घ्यावा, पण नक्षी निम्म्याहून अधिक शिल्लक असलेला. पुढे एक आणि मागे दुसऱ्या जातीचा टायर हा प्रकार टाळावा. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढचेच टायर झिजतात म्हणून मागे जुने, कडक टायर ठेवण्याचा मोह होतो, पण ओल्या ट्रॅकवर अशी गाडी ब्रेकखाली गर्रकन फिरते.

वापरलेले सेमी-स्लिक स्वस्तात मिळतात तेव्हा खोलीपेक्षा वय पाहावे. टायरच्या बाजूवरच्या डीओटी संकेतातले शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. शिवाय प्रत्येक सत्रात तापून गार होताना रबर थोडे थोडे कडक होत जाते. भरपूर नक्षी असलेला पण अशा अनेक आवर्तनांतून गेलेला टायर दिसायला नवा आणि ओल्यात निरुपयोगी असू शकतो. भारांक (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) आणि वेगाची श्रेणी गाडीच्या निर्मात्याने सांगितल्यापेक्षा खालची घेऊ नये, हे वेगळे सांगायला नको.

दिवस संपताना दोन गोष्टी मोजाव्यात. पहिली नक्षी : पुष्कळ देशांत रस्त्यासाठी किमान १.६ मिलिमीटरची अट आहे, आणि सकाळी ५ मिलिमीटर असलेल्या सेमी-स्लिकची बाहेरची कड संध्याकाळी त्याच्या बरीच जवळ आलेली असू शकते. दुसरी हवा. दुपारी तापलेल्या टायरमधून हवा काढून ३२ पीएसआय केलेले असतील, तर गार झाल्यावर तिथे २५ च उरतात. महामार्गावर पाऊस लागला तर तेवढ्या हवेवर ताशी ८० च्या पुढे भरवसा उरत नाही. म्हणून निघण्यापूर्वी टायर गार होऊ देऊन हवा पुन्हा भरून घ्यावी.